क्लासिक सर्व्हरवरच्या सोयी: डन्जन फाइंडर, ड्युअल स्पेक, क्रोनोबून. कोणती सोय नेमकं काय बिघडवते?

कोयनाकाठ

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये, म्हणजे जुन्या रूपात पुन्हा सुरू केलेल्या ऑनलाइन खेळात, सोयींचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. ‘जसं होतं तसंच द्या’ म्हणणारे एकीकडे, ‘वेळ कुठून आणायचा’ म्हणणारे दुसरीकडे. दोघांचंही म्हणणं पटतं, पण एखादी सोय आल्यावर खेळात नेमकं काय बदलतं ते त्यातून कळत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. डन्जन फाइंडर (डन्जन म्हणजे पाच जणांनी मिळून सर करायची गुहा किंवा किल्ला, फाइंडर म्हणजे त्यासाठी आपोआप ग्रुप जमवणारं यंत्र) मूळ खेळात राथच्या, म्हणजे ‘राथ ऑफ द लिच किंग’ या विस्ताराच्या, काळातच आला होता, मग राथ क्लासिकमध्ये त्यावरून एवढं रण का पेटलं? ड्युअल स्पेक, म्हणजे एकाच कॅरेक्टरवर कौशल्यांच्या दोन मांडण्या ठेवायची सोय, दिली तर कुणाचं काय जातं? आणि क्रोनोबून, म्हणजे वर्ल्ड बफ (खेळाच्या जगात मिळणारी तात्पुरती जास्तीची ताकद) साठवून ठेवायची सोय, ही खेळाची दुरुस्ती आहे की खेळ सोपा करणं?

भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्या आठ-दहा जणांच्या गटासाठी ठरवायचंय: साठ लेव्हलचा जुना सर्व्हर घ्यायचा की सोयी असलेला नवा. एकेकाला आठवड्याला साधारण आठ तास मिळतात. ‘तो काळच वेगळा होता’ असं उत्तर नको. कुठली पायरी गळते आणि त्याचा फटका कुणाला बसतो, ते सांगा.

पाथरवट

डन्जन फाइंडरपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त भांडण त्यावर आहे.

साठ लेव्हलच्या क्लासिकमध्ये डन्जनला जायचं म्हणजे आधी चॅटमध्ये हाक द्यायची. एक टँक (मार झेलणारा), एक हीलर (बरं करणारा), तीन डीपीएस (मारा करणारे) जमले की मग सगळ्यांनी दारापर्यंत पोचायचं. २०१९ ला आलेल्या क्लासिकमध्ये दारासमोरचा मीटिंग स्टोन कुणालाही बोलावून आणत नाही. ग्रुपमध्ये वॉरलॉक (मांत्रिकांचा एक वर्ग) असेल तर तो आणि आणखी दोघे दाराशी पोचल्यावर, दर माणसामागे एक सोल शार्ड खर्चून, उरलेल्यांना ओढून घेता येतं. म्हणजे तिघांची पायपीट चुकत नाहीच.

स्कार्लेट मॉनेस्ट्री या डन्जनचं बघा. खेळातल्या दोन बाजूंपैकी होर्डवाल्यांना ती त्यांच्या अंडरसिटी शहरापासून हाकेच्या अंतरावर. अलायन्सच्या खेळाडूला मात्र साउथशोरहून निघून सिल्व्हरपाइन ओलांडून टिरिसफालमध्ये शिरावं लागतं. सगळा शत्रूचा मुलूख, आणि लेव्हल चाळिशीच्या आत असल्यामुळे घोडा नाही. जमवाजमव आणि चाल धरून अर्धा तास सहज मोडतो.

आता या अर्ध्या तासाचं खेळात काय होतं ते बघा. इतका वेळ घालवून आलेला माणूस पहिल्या वाइपला (सगळे एकदम मेले की) ग्रुप सोडून जात नाही, कारण नवा ग्रुप म्हणजे पुन्हा अर्धा तास. तो थांबतो, पुढच्या पुलला (शत्रूंच्या पुढच्या झुंडीला) कुणाला शीप करायचं, कुणाला सॅप करायचं, म्हणजे कुणाला थोडा वेळ निकामी करायचं, हे बोलून ठरवतो. हे बोलणं त्या अर्ध्या तासाच्या किमतीमुळे होतं. दुसरं म्हणजे पाचही जण एकाच सर्व्हरचे असतात. ज्याने न विचारता ‘नीड’ (मला हवंय) दाबून दुसऱ्याची तलवार नेली, त्याचं नाव संध्याकाळपर्यंत गावभर होतं आणि पुढच्या वेळी त्याला टँक मिळत नाही. जो हीलर शेवटपर्यंत टिकला त्याचं नाव फ्रेंड लिस्टमध्ये जातं. गिल्डची (खेळाडूंच्या कायमच्या संघाची) बरीचशी भरती याच वाटेने होते.

डिसेंबर २००९ मध्ये ३.३ पॅचबरोबर फाइंडर आला तेव्हा त्याने चार कामं एकदम केली. माणसं शोधली. टँक-हीलर-डीपीएस अशा भूमिका जुळवल्या. दुसऱ्या सर्व्हरची माणसं ग्रुपमध्ये आणली. आणि सगळ्यांना थेट डन्जनच्या आत नेऊन सोडलं. वाद घालणारे या चारही कामांना एकाच नावाने हाक मारतात आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. पहिल्या दोन कामांना फारसा कुणाचा विरोध नाही. मोडतोड होते ती तिसऱ्या आणि चौथ्या कामामुळे. दुसऱ्या सर्व्हरचा माणूस पुन्हा भेटणार नाही म्हणून नावाला किंमत उरत नाही, आणि चालावं लागत नाही म्हणून सोडून जायला काही लागत नाही. मग वाइप झाला की बोलणं बंद आणि एक जण गायब. जागा भरायला पुन्हा यंत्रच.

म्हणून माझं मत: यादी लावणारं साधन द्या, तिथे नाव आणि भूमिका लिहिता येऊ द्या, पण माणसं त्याच सर्व्हरची असू द्या आणि दारापर्यंत चालू द्या.

निळामोहोर

पाथरवट, चार कामांची फोड एकदम बरोबर आहे. पण हे सगळं साठ लेव्हलचं गणित तुम्ही राथला लावताय, आणि मूळ प्रश्न राथबद्दलही आहे.

राथमध्ये ७७ व्या लेव्हलला १००० गोल्ड देऊन कोल्ड वेदर फ्लाइंग घेतलं की नॉर्थरेंडमध्ये उडत जाता येतं. मीटिंग स्टोनही चालतो: दोघे पोचले की बाकीचे खेचून आणता येतात. वाटेत शत्रू नाही, जंगल नाही, चुकायला रस्ता नाही. स्कार्लेट मॉनेस्ट्रीच्या वाटेवर जे घडतं त्यातलं इथे काहीच घडत नाही. उरतो तो नुसता वेळ. वर हिरोइक (अवघड) डन्जन एम्ब्लेमसाठी (गिअर घ्यायच्या बिल्ल्यांसाठी) रोजच्या रोज करायचे. पहिल्यांदा केलेली मोहीम आणि चाळिसाव्यांदा केलेली हजेरी यांना एकाच मापाने मोजू नका.

राथ क्लासिक २६ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालं तेव्हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डने फाइंडर मुद्दाम बाहेर ठेवला आणि त्याऐवजी नावं लिहायची यादी दिली. म्हणजे तुमचाच तोडगा. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.४.३ पॅचला, आइसक्राउन सिटाडेल या रेडबरोबर (रेड म्हणजे पुष्कळ जणांची मोठी मोहीम), फाइंडर आलाच. मधल्या वर्षभरात त्या यादीची मर्यादा उघडी पडली. मोठ्या सर्व्हरवर ऐंशी लेव्हलला ती ठीक चालते. छोट्या सर्व्हरवर, किंवा ज्याने नवीन कॅरेक्टर काढून पस्तीस-चाळीसपर्यंत आणलंय त्याच्यासाठी, ती रिकामी असते. यादी माणसं दाखवते, निर्माण करत नाही. जुन्या विस्तारात जितके दिवस जातात तितके सगळे वरच्या लेव्हलला गोळा होतात आणि खालचे डन्जन ओस पडतात. माणसं मोठ्या सर्व्हरकडे पळतात, छोटा आणखी छोटा होतो. ज्या गावासाठी फाइंडर नाकारला, ते गावच उठून गेलं तर नाव गावभर कुठे होणार?

हे खरं की फाइंडरनेही टँक निर्माण होत नाहीत. २०११ मध्ये कॅटाक्लिझम या पुढच्या विस्ताराच्या ४.१ पॅचला कॉल टू आर्म्स आणावं लागलं. ज्या भूमिकेची टंचाई, तिला रांगेत उभं राहिल्याबद्दल वरून थैली, आणि ती टंचाई बहुधा टँकचीच. म्हणजे पूर्ण स्वयंचलित फाइंडर असूनही डीपीएसची रांग लांबच होती.

आता कोयनाकाठ यांच्यासाठी कामाचं. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा मध्य युरोपात हिवाळ्यात दुपारचे साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच असतात. लोक अजून कामावर. त्यांची आठची रेड तुमच्याकडे हिवाळ्यात रात्री साडेबाराला आणि उन्हाळ्यात साडेअकराला सुरू होते. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, तेव्हा वेळापत्रक एक तासाने सरकतं. त्या आठवड्यात निम्मी माणसं चुकीच्या वेळी येतात, आधीच सांगून ठेवा. अवेळी खेळणाऱ्याला फाइंडर ही चैन नाही, तेवढंच एक दार उघडं असतं.

सोनकी

ड्युअल स्पेकवर लिहिते.

क्लासिकमध्ये टॅलेंट (कौशल्यांचे गुण) पुन्हा वाटायचे तर पहिल्यांदा १ गोल्ड, दुसऱ्यांदा ५, मग दर वेळी ५ ने वाढत ५० ला थांबतं. महिनाभर बदल केला नाही तर ५ ने उतरतं, पण १० च्या खाली येत नाही. रेडसाठी होली (बरं करणारा) प्रीस्ट आणि बाकी दिवस शॅडो (मारा करणारा), असं करणाऱ्याला आठवड्याला जाऊन-येऊन १०० गोल्ड. वर्षाचे ५२०० झाले. साठ लेव्हलचा एपिक घोडा सुमारे १००० गोल्डचा धरला तर वर्षाला पाच घोडे.

हा भुर्दंड सगळ्यांना सारखा बसत नाही हे लक्षात घ्या. मेज (जादूगार) रेडमध्येही मारा करतो आणि बाहेरही, त्याला बदलायची गरज सहसा पडत नाही. रोग या वर्गाचं तेच. भरतात ते हीलर आणि टँक, आणि त्यांनाच एकट्याने मॉब (खेळातले शत्रू) मारून गोल्ड कमवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ज्यांची टंचाई आहे त्यांच्यावरच कर. त्यामुळे प्रोटेक्शन वॉरियर (टँक) आठवडाभर लॉगइनच करत नाही, फक्त रेडला उगवतो, आणि मग चॅटमध्ये ‘टँक हवा, टँक हवा’ चालू.

नुकसान काय? दोन खरी आहेत. ५० गोल्ड ट्रेनरकडे जातात म्हणजे खेळातून कायमचे बाहेर पडतात. ती गळती बंद केली तर सर्व्हरवर पैसा साचतो आणि ऑक्शन हाउसमध्ये फ्लास्क, एन्चँटचं सामान महागतं. मूळ खेळात ३.१ पॅचला ड्युअल स्पेक आली तेव्हा तिची किंमत एकदाच १००० गोल्ड होती, चाळीस लेव्हलपासून. एकदम मोठी रक्कम बाहेर काढून मग मोकळीक, हा त्यातला विचार. दुसरं नुकसान ओळखीचं. ‘हा आमचा हीलर’ ही ओळख जाते आणि गिल्डमध्ये अपेक्षा चढते: तुझ्याकडे दोन स्पेक आहेत ना, मग या बॉसला टँक कर, पुढच्याला हील कर, दोन्हींचं गिअर आण. मोकळीक म्हणून आलेली गोष्ट कामाची यादी होते. ज्या गिल्डमध्ये लूटचे नियम ‘मेन स्पेक आधी’ असे स्पष्ट लिहिलेले नसतात तिथे पहिल्याच महिन्यात यावरून वाजतं. तो नियम सर्व्हर निवडायच्या आधी लिहून टाका.

तरीही माझा कौल ड्युअल स्पेकच्या बाजूने. ती माणसाला माणसापासून तोडत नाही. उलट जो डीपीएस म्हणून रांगेत बसला असता तो टँक होऊन ग्रुप काढतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये खेळाच्या वर्धापनदिनानिमित्त सुरू झालेल्या नव्या क्लासिक सर्व्हरांना ब्लिझार्डने ती दिली. डन्जन फाइंडर दिला नाही, ड्युअल स्पेक दिली. पाथरवट यांच्या फोडीशी ते जुळतं.

पाथरवट

सोनकी, टँकचा मुद्दा मान्य. गोल्ड साचण्याचा धोकाही मला वाटत होता त्यापेक्षा कमी असावा, कारण भरणारे मुळात थोडेच. पण निळामोहोर यांच्या ‘तेवढंच एक दार’ वर अडतो. छोटा सर्व्हर मरतो तो फाइंडर नसल्यामुळे नव्हे, सर्व्हर गरजेपेक्षा जास्त काढल्यामुळे. दोन ओस सर्व्हर एकत्र केले तर नावाची किंमतही राहते आणि माणसंही मिळतात. सोय देण्याआधी हा उपाय करून बघायला हवा.

रानजाई

क्रोनोबूनची गोष्ट या सगळ्यांत वेगळी, कारण मूळ खेळात तो नव्हताच.

आधी दुखणं समजून घ्या. ऑनिक्सिया या ड्रॅगनचं डोकं शहरात टांगलं की आसपासच्या सगळ्यांना दोन तासांचा बफ मिळतो: स्पेल क्रिटिकल (मंत्राचा जबर घाव बसण्याची शक्यता) १० टक्के, मेली (हातघाईचा) क्रिटिकल ५ टक्के, अटॅक पॉवर १४०. फेलवुडमधलं साँगफ्लॉवर हे फूल तासाभराचं: ५ टक्के क्रिटिकल आणि सगळे स्टॅट १५ ने जास्त. झुल गुरुब या रेडमधून आणलेल्या हृदयाचा बफ सगळे स्टॅट १५ टक्क्यांनी वाढवतो. हे एकावर एक चढतात, पण मेलात की जातात, आणि घड्याळ फक्त लॉगइन असताना चालतं. याचा अर्थ खेळाडूंनी बरोबर काढला: बफ घे आणि लगेच लॉगआउट हो, थेट रेडच्या वेळी उगव. रेडच्या आधीचे दोन-तीन दिवस कॅरेक्टर कुलूपबंद. पीव्हीपी सर्व्हरवर (जिथे खेळाडू एकमेकांना मारू शकतात) तर फेलवुडच्या फुलाशी शत्रू दबा धरून बसत. एका घावात तीन दिवसांची जमवाजमव मातीत.

म्हणजे जुना नियम, जसाच्या तसा ठेवल्यामुळे, लोकांना खेळापासूनच दूर ठेवत होता. २००५-०६ मध्ये हे इतकं नव्हतं, कारण तेव्हा इतक्या गिल्डना हे गणित माहीत नव्हतं. नियम तोच, माणसं पंधरा वर्षं हुशार झालेली. ‘जसं होतं तसं’ इथे लागू पडत नाही, कारण ‘होतं’ त्यात खेळाडूंचं अज्ञानही होतं आणि ते परत आणता येत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये १.१३.७ पॅचला क्रोनोबून डिसप्लेसर आला. वेस्टर्न प्लेगलँड्समध्ये अँडोरहालला क्रोमी तो १० गोल्डला विकते. वापरला की अंगावरचे वर्ल्ड बफ काढून वस्तूत ठेवतो आणि उरलेला वेळ गोठतो. भरलेला पुन्हा वापरला की तेवढ्याच वेळासह परत चढतात. चूक होते ती इथे: पुन्हा भरायला तासभर थांबावं लागतं. बफ सोडले, ट्रॅशवर (बॉसआधीच्या किरकोळ शत्रूंवर) कुणी मेला, उरलेले वाचवावेत म्हणून पुन्हा भरायला गेला तर चालत नाही. पहिल्या बॉसच्या अगदी आधी सोडा, वाटेत सोडू नका. आणि बॅगेत नेहमी एक रिकामा जास्तीचा ठेवा, अँडोरहाल रस्त्यात नाही.

सोयीचा उलटा परिणामही सांगायला हवा. साठवता येतं म्हटल्यावर ‘बफ मिळाले तर बरे’ याचं ‘बफ नसतील तर येऊ नका’ झालं. पूर्वी कारण देता येत होतं, आता नाही. नोव्हेंबर २०२१ च्या सीझन ऑफ मास्टरी या क्लासिक सर्व्हरांनी दुसरा रस्ता धरला: रेडमध्ये वर्ल्ड बफ चालतच नाहीत, सोबत बॉसवरची १६ डिबफची (शत्रूवर टाकून ठेवायच्या मारक मंत्रांची) मर्यादा काढली आणि बॉसची हेल्थ वाढवली. ती मर्यादा जुन्या नियमांत किती जाचते पाहा: चाळीस जणांच्या रेडमध्ये सोळाच जागा, म्हणून वॉरलॉकला सांगावं लागतं की तुझा करप्शन टाकू नकोस, महत्त्वाचा डिबफ उडेल. स्वतःचा मंत्र न वापरण्याचा हुकूम! हे काढणं मला सोय वाटत नाही, तो न्याय आहे. पण हेल्थ न वाढवता नुसती मर्यादा काढली तर आधीच सोपे बॉस आणखी लवकर मरतात. एक खिळा काढला की दुसरा ठोकावा लागतो.

तांबडीमाती

दुसऱ्या खेळातला दाखला देते, कारण तिथे हे भांडण मतदानाने सोडवतात. ओल्ड स्कूल रुनस्केप.

२२ फेब्रुवारी २०१३ ला ते सुरू झालं, ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून. खेळात बदल करायचा तर खेळाडूंचं मतदान, आणि मंजुरीसाठी ७५ टक्के. २०२२ च्या शेवटी ते ७० वर आणलं. साध्या बहुमतापेक्षा बार उंच ठेवल्यामुळे अल्पमताच्या हातात नकाराधिकार राहतो. २०१९ मध्ये वॉर्डिंग हे नवं स्किल सुमारे ६६ टक्के मतं मिळूनही पडलं.

यातून सोयी कशा आल्या ते बघण्यासारखं आहे. इन्व्हेंटरी २८ जागांची. मासे किंवा खनिज टाकून देत स्किल वाढवायचं तर प्रत्येक वस्तूवर राइट-क्लिक, मग मेनूत ‘ड्रॉप’. २८ वस्तूंना ५६ क्लिक, दर फेरीला. शिफ्ट दाबून टाकायची सोय आल्यावर २८. हे आधीही काही जण कीबोर्डच्या माउस-कीज लावून भराभर करायचेच. म्हणजे सोय न देण्याने सगळे समान नव्हते. ज्याला युक्ती माहीत तो पुढे होता. खेळाने ती सगळ्यांच्या हाती दिली. मनगटालाही बरं.

ग्रँड एक्स्चेंज, म्हणजे आपोआप सौदे जुळवणारा बाजार, मात्र वेगळ्या जातीचं. फेब्रुवारी २०१५ ला मतदानानंतर आलं. त्याआधी विकायचं तर गर्दीच्या वर्ल्डला (सर्व्हरवर) बँकेसमोर उभं राहून टाइप करत राहायचं, भाव करायचा, कधी फसायचं. एक्स्चेंजने बाजार जिंकला आणि बाजारपेठ रिकामी केली. सदस्याला एका वेळी आठ सौद्यांची जागा, बोली लाव आणि निघून जा. पण ज्यांना तो जुना कष्टाचा खेळ हवा होता त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०१४ पासून आयर्नमॅन मोड होताच: व्यापार नाही, सगळं स्वतः मिळवायचं. एकाच जगात दोन नियम. पाथरवट आणि निळामोहोर दोघेही तिथे नांदतात.

तरी मतदानालाही भगदाड आहे, ते म्हणजे क्लायंट, ज्या सॉफ्टवेअरमधून खेळ चालवतात ते. रुनलाइटसारख्या बाहेरच्या क्लायंटमध्ये जमिनीवर खुणा, बॉसची सूचना, मेनूची अदलाबदल, हे सगळं मत न घेता येतं. मग मतपत्रिकेवर जो खेळ असतो तो कुणी खेळतच नसतो. वॉरक्राफ्टमध्येही हेच झालं: २०१९ मध्ये क्लासिकएलएफजी नावाचं, खेळाला बाहेरून जोडायचं, अ‍ॅडऑन फाइंडरसारखं काम करायला लागलं तेव्हा ब्लिझार्डला ते अडवावं लागलं. अधिकृत सोय नाकारताना, अ‍ॅडऑनमधून तीच येणार का, हेही विचारात घ्या.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार, चार कामांची फोड आणि गोल्डचा हिशोब दोन्ही उपयोगी. राथ बाद, साठ लेव्हलच. आता जुना कायमचा सर्व्हर की वर्धापनदिनाचा? आणि फाइंडर नसलेल्या ठिकाणी आमच्या वेळेला ग्रुप कसे काढायचे?

निळामोहोर

वर्धापनदिनाचे सर्व्हर साठवर थांबणारे नाहीत, ते बर्निंग क्रुसेड या पुढच्या विस्ताराकडे जाणारे म्हणूनच जाहीर झाले होते. आठवड्याला आठ तासांत साठपर्यंत पोचायलाच काही महिने लागतील, तोवर गर्दी पुढे गेलेली असेल. साठचा खेळ निवांत खेळायचा असेल तर कायमचा सर्व्हर, ड्युअल स्पेकवर पाणी सोडून. घेण्याआधी तुमच्या रात्री नऊला एक लेव्हलचं कॅरेक्टर काढून शहरातल्या चॅटमध्ये पंधरा मिनिटं थांबा. त्या वेळेला किती हाका येतात ते मोजा. वीकेंडला नाही, मंगळवार-बुधवारी.

सोनकी

आठ-दहा जण आहात तर फाइंडर तुम्हीच आहात. दोन टँक, दोन हीलर आधी नक्की करा, बाकी नंतर. ड्युअल स्पेक नाही म्हणून एक हीलर ड्रुइड घ्या, लेव्हल वाढताना निम्मे डन्जन तो टँकही करू शकतो आणि टॅलेंट फारसे आड येत नाहीत. साठला मात्र येतात. एक मेज, जादूने प्यायचं पाणी बनवून द्यायला. आणि वॉरलॉक दोन हवेत, एक नको: दोन ग्रुप एकाच रात्री दोन ठिकाणी जाणार, आणि पाथरवट यांनी सांगितलेली तिघांची पायपीट दोन्हीकडे आहे. वॉरलॉकने बॅगेत सोल शार्ड आदल्या दिवशीच भरून ठेवायचे, दाराशी पोचून शार्ड जमवत बसलात तर आठातला अर्धा तास तिथेच गेला.

पाथरवट

आणि पाचवा बाहेरचा घ्या. गटात सहा मोकळे असले तरी चारच जा आणि पाचव्या जागेसाठी चॅटमध्ये हाक द्या. दुपारच्या साडेचारला युरोपात जो लॉगइन आहे तो बहुधा तुमच्यासारखाच अवेळी खेळणारा असणार: शिफ्टवाला, विद्यार्थी, दुसऱ्या देशातला. त्याचं नाव लिस्टमध्ये घ्या, पुढे झुल गुरुबला वीस जण लागतील तेव्हा तीच यादी कामी येईल.

कोयनाकाठ

मंगळवारी नऊला चॅट मोजून आकडा इथे टाकतो.